संगमरवरांतील चरित्रकार : जॉन फ्लॅक्समन

इंग्लंडांतील जुन्या कॅथीड्रलांत गेलें असतां भिंतींवर कितीतरी स्मारकशिला दिसतात. मूर्ति लहान असो वा मोठी, तिच्याखालील अक्षरें वाचल्यावांचून तेथें कोणाची आठवण जतन केली आहे हें कळत नाहीं. अशा स्मारकांच्या कामीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या जॉन फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराचें चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक असावें. कारण त्यांचें एक काम एका मराठी राजानें करविलेलें आहे.

जॉनचा जन्म इ. स. १७५५ त यॉर्क शहरीं झाला. बाप प्लास्टरच्या प्रतिकृति करून विकणारा. तो लवकरच लंडनास आला. मुलगा अतिशय अशक्त. इतर मुलें रस्त्यांत बागडत असतां हा बापाच्या दुकानांत बसून वाची व चित्रें काढी. तरी बाराव्या वर्षींच त्यास बक्षीस मिळालें! पुढें रॉयल अकॅडेमींत शिकत असतां १७७२ त तो सुवर्णपदकाच्या स्पर्धेंत उतरला. पदक आपलेंच अशी त्याची पुरी खात्री होती. तें मिळालें दुसऱ्यास. हा घाव त्याच्या जिव्हारीं लागला, पण अभ्यास सुटला नाहीं. पोटासाठीं १७७५ पासून तो वेजवुड ह्यांच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यास नमुने करून देऊं लागला.

१७८२ त ॲन डेन्मन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. लग्न केल्यामुळें हा कलावंत बुडाला, असें अकॅडेमीचे अध्यक्ष रेनॉल्ड्स ह्यांनीं त्यास ऐकविल्याची आख्यायिका आहे. तें खरें असो वा नसो, पतिपत्नींनीं पांच वर्षें काटकसरीनें संसार केला आणि १७८७ त दोघेंही रोमला गेलीं. तेथें काढलेल्या होमरच्या काव्यांवरील रेखाचित्रांनीं त्यांचें नांव युरोपभर झालें.

१७९४ त स्वदेशीं परतल्यावर स्मारकांचीं कामें येतच राहिलीं. वेस्टमिन्स्टर ॲबींतील लॉर्ड मॅन्सफील्ड आणि सेंट पॉल कॅथीड्रलांतील नेल्सन हीं त्यांतील प्रसिद्ध. फ्लॅक्समन लहान नमुना करीत. त्यावरून संगमरवर घडविण्याचें बरेंच काम मदतनीस करीत. लेखाचें काम तर फारच जोखमीचें. अक्षरें प्रथम दगडावर रेखावयाचीं, मग छिनी तिरपी धरून दोहों बाजूंनीं उतार देत खोदावयाचीं, म्हणजे खांचेंत सावली पडून तीं दुरून वाचतां येतात. कागदावरील चूक खोडतां येते. येथें एक अक्षर चुकलें तर सारा पृष्ठभाग घासून काढावा लागतो, नाहीं तर शिळाच बदलावी लागते. कांहीं स्मारकांवर त्यांनीं प्राचीन ग्रीक लेखांच्या धर्तीचीं, टोकांस आडव्या रेघा नसलेलीं साधीं अक्षरें घातलीं. त्या काळीं तें नवलच होतें. आज तसलीं अक्षरें आपण पाट्यापाट्यांवर पाहतों.

१८१० त ते अकॅडेमींत शिल्पकलेचे अध्यापक झाले. १८२० त पत्नी निवर्तली. १८२६ त त्यांनीं स्वतः देह ठेविला.

आतां त्या मराठी राजाविषयीं. तंजावरचे सरफोजीराजे भोसले ह्यांचें बालपण गादीच्या तंट्यांत गेलें. त्या कठीण काळीं श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यानें त्यांस बापाच्या मायेनें सांभाळिलें व शिकविलें. १७९८ त श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षीं सरफोजी गादीवर बसले. राजांनीं गुरूच्या स्मारकाचें काम फ्लॅक्समन ह्यांस सांगितलें. फ्लॅक्समन हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत. तरी मृत्युशय्येवरील वृद्ध गुरु आणि त्यांचा हात हातीं घेऊन उभे असलेले राजे हा प्रसंग त्यांनीं संगमरवरांत हुबेहूब उभा केला. तंजावरच्या किल्ल्यांतील चर्चमध्यें तें शिल्प आहे. श्वार्ट्झ ह्यांच्या थडग्यावरील शिळेवर जें इंग्रजी पद्य कोरलें आहे, तें खुद्द राजांनीं रचिलेलें. ह्याच राजांनीं १८०३ त आपल्या भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठींत कोरविला. तंजावरास जाणाऱ्यानें दोन्ही ठिकाणें अवश्य पाहावीं.