एका नावाच्या दोन राण्या

रावपुऱ्यातला टॉवर बडोद्यात कोणाला ठाऊक नाही? त्याचे खरे नाव चिमणाबाई टॉवर. पण या चिमणाबाई कोणत्या, असे विचारले की आपल्या जुन्या घरांतूनही उत्तर चुकते. डोळ्यांपुढे येतात त्या महिला परिषदेच्या करारी अध्यक्षा. टॉवर त्यांचा नव्हे. त्यांच्या आधीच्या चिमणाबाईंचा. आणि हा घोळ सुरू होतो तो श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या ऐन तारुण्यातील एका दुःखापासून.

कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. जानेवारी १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी त्याचे लग्न झाले व सासरी त्या चिमणाबाई झाल्या. दोघेही परक्या गावी आलेले, दोघांचीही नावे बदललेली. त्या मोठ्या राजवाड्यात त्यांना एकमेकांचाच काय तो आधार वाटला असेल. राणीबरोबर तंजावरहून नर्तकी व वादकांचा ताफाही आला. गौरा आणि कांता या त्यातल्या नर्तकींची नावे जुन्या बडोदेकरांच्या कानांवर असतील.

दोन मुली झाल्या, १८८३ साली युवराज फत्तेसिंहराव झाले, आणि मग क्षयाने गाठले. मे १८८५ मध्ये चिमणाबाई गेल्या. महाराज बावीस वर्षांचे. युवराजांना तर अजून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

राजाला शोक करायला सवड नसते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देवासच्या घाटग्यांची गजराबाई सून होऊन आली, जेमतेम चौदा वर्षांची. तिचेही नाव चिमणाबाईच ठेवले! लग्नात नाव बदलण्याची चाल आपल्यात आहेच, त्याचे नवल नाही. पण सात महिन्यांपूर्वी गेलेल्या सवतीच्या नावाने आपल्याला हाक मारली जाते, हे त्या पोरीला कसे वाटले असेल? महाराजांचे चरित्र वाचताना मी दर वेळी इथे अडतो. हाक मारणाऱ्यालाही ते सोपे गेले नसावे. पुढे महाराजांची झोप उडाली, प्रकृती ढासळली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम युरोपात गेले. राज्यकारभाराचा शीण तर होताच. पण केवळ शिणाने माणूस इतका खचतो, हे मला पटत नाही.

१८९६ साली टॉवर उभा राहिला. त्याच वर्षी शहराच्या मध्यभागी भाजीबाजारासाठी म्हणून एक भव्य इमारत झाली. तिलाही चिमणाबाईंचे नाव दिले, मधल्या दालनात त्यांचा पुतळा बसवला. पुढे तिथे कोर्ट भरू लागले व ती न्यायमंदिर झाली. २०१८ साली कोर्टही नव्या जागी गेले.

या अकरा वर्षांत, आणि पुढेही, धाकट्या चिमणाबाई त्याच नावाने वावरत होत्या. त्यांनी पडदा सोडला, १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक काढले, १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. उसने मिळालेले नाव त्यांनी इतके आपलेसे केले की मूळ धनीण झाकली गेली. त्यांच्याही वाट्याला मरणे आलीच: शिवाजीराव १९१९ साली, जयसिंहराव १९२३ साली. थोरलीचे फत्तेसिंहराव त्याआधीच, १९०८ साली पंचविशीत गेले, तेव्हा त्यांचे प्रतापसिंहराव तीन महिन्यांचेही नव्हते. आई नसलेले पोर सांभाळलेल्या महाराजांच्या समोर आता बाप नसलेला नातू आला. १९३९ साली महाराज निवर्तल्यावर गादीवर बसला तो हाच नातू, थोरल्या चिमणाबाईंचा.

माझे वडील कलावंत कारखान्याच्या अखेरच्या वर्षांत, अगदी पोरवयात, तबल्याच्या साथीला बसत. आमच्या घरी थोरल्या बाईसाहेब व धाकट्या बाईसाहेब असाच उल्लेख होई, त्यामुळे आमचा घोळ झाला नाही. धाकट्या बाईसाहेब १९५८ पर्यंत होत्या. थोरल्यांना पाहिलेले कोणी उरले नव्हते. पण त्यांच्याबरोबर आलेला तंजावरचा ताफा त्या गेल्यावरही दरबारच्या पगारावर राहिला होता, मराठी बोलू लागला होता. त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुलींना भरतनाट्यम शिकवीत.