ठिणगीच्या अलीकडे

कारखान्याच्या चिमणीतून धूर निघाला नाही, तर कुणी वर पाहत नाही. ज्या माणसाच्या कामामुळे हे घडतं त्याचंही तसंच झालं. औष्णिक वीजकेंद्रातल्या किंवा सिमेंटच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला विचारा, तो फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल हे नाव आदरानं घेईल. बाकीच्यांनी ते ऐकलेलं असायचं कारण नाही. पण आपल्या फुप्फुसांवर त्याचे उपकार आहेत.

कॉट्रेलचा जन्म 1877 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथं झाला. 1896 मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठातून पदवीधर झाला, काही काळ ओकलंडच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं आणि मग जर्मनीला गेला. बर्लिनला व्हान्ट हॉफ, लाइपझिगला ओस्टवाल्ड, असे गुरू मिळाले. 1902 मध्ये डॉक्टरेट घेऊन तो बर्कलीला शिकवायला परतला. विद्युत्‌रसायनातलं त्याच्या नावाचं समीकरण आजही प्रयोगशाळेत वापरतात. तेवढ्यावरही प्राध्यापक म्हणून त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं.

पण सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी तेव्हा कारखाने उभे राहत होते. पिनोलच्या स्फोटकांच्या कारखान्यात गंधकाम्ल बनवताना आम्लाचं धुकं उठे आणि ते काही केल्या खाली बसत नसे. हा प्रश्न कॉट्रेलकडे आला. वीज लावली की धूर खाली बसतो, ही गोष्ट नवी नव्हती. 1824 मध्ये लाइपझिगच्या होलफेल्डनं काचेच्या बरणीत ती करून दाखवली होती. 1885 च्या सुमारास इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज याच्या सल्ल्यानं वेल्समधल्या बॅगिल्टच्या शिशाच्या कारखान्यात यंत्र बसलंही होतं, पण ते फसलं. हातानं किंवा पट्ट्यानं फिरवायच्या यंत्रातून मिळणारी वीज कारखान्याच्या धुरापुढे तोकडी पडली.

कॉट्रेलच्या हाती रोहित्र होतं. त्यातून हजारो व्होल्टचा दाब मिळे, पण तो उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा. त्यानं विजेच्याच तालावर फिरणारी एक चकती बसवली आणि तिच्याकरवी प्रवाह एकाच दिशेला वळवला. दुसरी अडचण तारेची होती. एका संध्याकाळी, अंधारून आल्यावर, सुती आवरणाच्या तारेवर त्याला जांभळट उजेड दिसला. सुताच्या सुट्या तंतूंच्या टोकांतून वीज हवेत झिरपत होती. मग केसाळ इलेक्ट्रोड तयार झाले. 1907 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, 1908 मध्ये ते मिळालं. सेल्बीच्या धातू गाळण्याच्या कारखान्यात त्याचं यंत्र कामाला लागलं.

यंत्राचं तत्त्व घरगुती भाषेत सांगता येतं. दोन पत्र्यांच्या मध्ये बारीक तार टांगायची आणि तिला उच्च दाबाची ऋण वीज द्यायची. तारेभोवतीची हवा विद्युत्‌भारित होते, तो भार धुळीच्या कणाला चिकटतो आणि कण पत्र्याकडे ओढला जातो. अधूनमधून हातोडे पत्र्यावर आपटतात आणि साचलेली राख खालच्या हॉपरमध्ये पडते.

खरी गोम आहे ती दाबात. दाब कमी पडला तर तारेभोवती तो उजेडच उमटत नाही आणि धूळ सरळ चिमणीतून निघून जाते. दाब जास्त झाला तर तार आणि पत्रा यांच्यामध्ये ठिणगी उडते, दाब क्षणभर कोसळतो आणि तेवढ्यात धूळ निसटते. म्हणजे यंत्र सगळ्यात चांगलं चालतं ते ठिणगीच्या किंचित अलीकडे. आणि ही सीमा एका जागी थांबत नाही. वायूचं तापमान, ओलावा, धुळीचं प्रमाण बदललं की तीही सरकते. पूर्वी माणूस यंत्राशेजारी बसून, तडतड ऐकत हातानं दाब कमीजास्त करी. पुढे ठिणग्या मोजून आपोआप दाब सावरणारी नियंत्रकं आली.

आपल्याकडे हे काम आणखी अवघड. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के आणि गंधक थोडं. अशी राख वीज सहजी वाहू देत नाही. पत्र्यावर तिचा थर बसला की थरातच उलट्या ठिणग्या फुटतात. तिथं दाब वाढवणं म्हणजे काम बिघडवणं. अशा वेळी वीज सलग न देता झटक्याझटक्यानं द्यावी लागते. चंद्रपूर, कोराडी इथल्या चिमण्यांखालची यंत्रं अशाच कोळशाशी झुंजतात.

बँकेत असताना मी कारखान्यांचे कितीतरी प्रकल्प अहवाल वाचले. त्यांत हे यंत्र यादीच्या शेवटी असे, आणि उत्पन्नाच्या रकान्यात त्याच्यापुढे काहीही नसे. यंत्राचा खर्च कारखान्याचा, फायदा मात्र शेजारच्या गावाचा. एका शाखेत कर्जाचा हप्ता भरायला येणारे शेतकरी कपाशीची पानं बरोबर आणत आणि काउंटरवर बोट फिरवून राख दाखवत. यंत्र बसवलेलं होतं. दाबाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कॉट्रेललाही शेतकऱ्यांचा हा राग ठाऊक होता. रिव्हरसाइडला सिमेंटची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसे. तिथं त्याचं यंत्र उपयोगी पडलं आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच धुळीतून पोटॅशही मिळालं. शास्टा परगण्यातल्या बालाक्लाला भट्टीत मात्र धूळ अडली तरी गंधकाचा वायू अडला नाही. 1911 मध्ये ती भट्टी बंद पडली. यंत्राची मर्यादा त्यानं तिथं पाहिली.

आता पैशाकडे येतो. हे पेटंट म्हणजे सोन्याची खाण होती. पश्चिमेकडचे काही हक्क कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांकडे राहिले. बाकीचे कॉट्रेलनं देऊन टाकायचं ठरवलं. त्यानं ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला देऊ केले. व्यापारात थेट पडणं त्या संस्थेला योग्य वाटलं नाही, पण तिचे सचिव चार्ल्स वॉलकॉट यांनी साथ दिली आणि 1912 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ उभी राहिली. तिनं यंत्रं विकायची, नफा कमवायचा आणि तो भागधारकांना न वाटता संशोधनाला द्यायचा. गोडार्डच्या रॉकेटच्या प्रयोगांना आणि लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनला या पैशाचा हातभार लागला.

शोध लावणारा स्वतः मात्र सरकारी पगारावर राहिला. 1911 पासून तो खाण विभागात होता, 1920 मध्ये त्याचा संचालक झाला, नंतर नायट्रोजन संशोधनाच्या सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख. 16 नोव्हेंबर 1948 रोजी, राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या बैठकीसाठी बर्कलीला आलेला असतानाच, त्याचं निधन झालं.

त्याला मी संत म्हणणार नाही. व्यवहार त्याला पक्का कळत होता. फुकट वाटलेल्या शोधाची जबाबदारी कुणीच घेत नाही, म्हणून तर त्यानं पेटंट वाऱ्यावर न सोडता संस्थेच्या हाती दिलं. त्याच्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. ते विकत घेऊन हवा स्वच्छ होत नाही. रात्री दोन वाजता, बाहेरून कुणी पाहत नसताना, दाबाचा काटा ठिणगीच्या जरा अलीकडे ठेवणारं कुणीतरी तिथं असावं लागतं. आणि तो जागा आहे की नाही, हे विचारायचा हक्क राख दाखवायला आलेल्या शेतकऱ्याचा आहे.