जॉन ब्राउनिंग : एका कारागिराचे मोल

बंदूक ही कौतुकाने लिहावी अशी वस्तू नव्हे, हे मी जाणतो. तरीही बंदुका घडविणाऱ्या एका माणसाचे चरित्र येथे सांगावेसे वाटते. कारण त्याच्या आयुष्यातला खरा झगडा कारागिराच्या मोलाचा होता.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ साली अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन बंदुका घडविणारे व दुरुस्त करणारे कारागीर. तीन बायका व २२ मुले असा त्यांचा संसार. जॉन यांचे शाळेतले शिक्षण बेताचेच. खरे शिक्षण झाले ते वडिलांच्या दुकानातील मोडक्या लोखंडाच्या ढिगात. १८७९ मध्ये वडील वारले, आणि त्याच वर्षी जॉनना पहिले पेटंट मिळाले. १८८३ साली विंचेस्टर कंपनीने त्या रायफलीचे हक्क ८,००० डॉलरला विकत घेतले. पुढे सुमारे १९ वर्षे ते आपले आराखडे या कंपनीला एकरकमी विकत राहिले. कित्येक आराखडे कंपनीने नुसतेच ठेवून दिले. जे बाजारात आले, त्यांवर नाव विंचेस्टरचे.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. आमचे घर लोहाराचे; कॉलेजची पायरी चढलेला मी घरातला पहिलाच. आजोबांनी गावाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी घडविल्या. सुगीला बलुते मिळे. उत्तम फाळाला जास्त नाही, सुमार फाळाला कमी नाही. देणे कामाचे नव्हते, रिवाजाचे होते.

ब्राउनिंग यांनी असा रिवाज मोडला. १९०० साली पेटंट मिळालेली त्यांची छर्‍याची बंदूक आपोआप भरणारी होती. बार उडाला की धक्क्याच्या जोराने नळी आणि बोल्ट एकत्र मागे सरकतात, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत येते. या वेळी त्यांनी प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. जानेवारी १९०२ मध्ये ते रेमिंग्टन कंपनीत गेले. ते भेटीची वाट पाहत असतानाच तिचे अध्यक्ष हृदयविकाराने वारले. तेव्हा ४७ वर्षांचे ब्राउनिंग नमुना घेऊन समुद्रापार बेल्जियमला, लिएजजवळील हर्स्टालच्या एफ. एन. कारखान्यात पोचले. करार झाला, आणि पहिल्या १०,००० बंदुकांची मागणी त्यांनी स्वतःच नोंदविली! आता बंदुकीवर नाव ब्राउनिंगचे होते.

बेल्जियममधल्या या जुन्या बंदुका आजही ओळखता येतात. नळीवर लंबगोलात ई. एल. जी. ही अक्षरे व वर मुकुट, ही लिएजच्या चाचणीगृहाची मोहोर. तारा असलेले एकेक अक्षर तपासनिसाचे. मात्र ओळखणे वेगळे आणि वापरणे वेगळे. जुन्या १६ बोअरच्या कित्येक बंदुकांत काडतुसाची जागा ६५ मिलिमीटर लांबीची असते. आजचे काडतूस ७० मिलिमीटरचे. ते आत बसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उलगडत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. बदल करायचा तर केवळ आतली जागा वाढवून भागत नाही, काडतूस बाहेर पडण्याची खिडकीही मोठी करावी लागते. शिवाय नळीची चाचणी पुन्हा व्हावी लागते. म्हणून हे काम जाणत्या कारागिराचेच.

नाव कोरले की हिशेबही त्याच नावावर जमा होतो. १९१४ मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा बळी घेणारे पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच आराखड्याचे, हर्स्टालचे होते. त्यानंतरच्या महायुद्धात त्यांच्या मशीनगन रणांगणावर गेल्या. त्यांच्या बुद्धीचे मोल त्यांना मिळाले. त्या बुद्धीने जगाला काय मिळाले, याचे उत्तर मला तितके सोपे वाटत नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी, हर्स्टालच्या त्याच कारखान्यात काम करीत असता, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. दोन नळ्या एकावर एक असलेल्या बंदुकीचे अपुरे काम मुलगा व्हॅल याने पुरे केले.

आपल्या कामाची किंमत मागण्याचे धैर्य मला या चरित्रात सापडले, आणि ते मी घेणार आहे. पण हाती काय घडवावे, हा प्रश्न त्या किमतीच्या आधी येतो, असे मला वाटते. आजोबांच्या फाळावर कोणाचेही नाव नव्हते. त्याने गावाची शेते मात्र नांगरली.

– द्वितीय वर्ष, कला