म्यूल यंत्राचा जनक : सॅम्युएल क्रॉम्प्टन



मी आज तुम्हांला एका गरीब सूतकात्याची हकिकत सांगणार आहे. त्याचे नाव सॅम्युएल क्रॉम्प्टन.

इंग्लंडात लँकेशायर भागात बोल्टन नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ ३ डिसेंबर १७५३ रोजी सॅम्युएलचा जन्म झाला. तो लहान असतानाच वडील वारले. आई मोठी कडक. रोजचे ठरलेले सूत कातल्याशिवाय त्याची सुटका नसे. त्या वेळी जेनी नावाच्या यंत्रावर सूत काढत. पण ते सारखे तुटायचे. तुटले की जोडा, पुन्हा तुटले की पुन्हा जोडा! दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. सॅम्युएलने नवे यंत्रच करायचे ठरवले.

दिवसा पोटाचे काम आणि रात्री यंत्र. हत्यारांसाठी पैसे हवेत, म्हणून तो नाटकगृहात फिडल वाजवायचा. अशी पाच वर्षे गेली आणि १७७९ साली यंत्र तयार झाले. त्याच वर्षी यंत्रे फोडणारे जमाव फिरत होते. तेव्हा त्याने यंत्राचे भाग सुटे करून माळ्यावर लपवून ठेवले.

या यंत्रातले रूळ पेळू बारीक करीत. चात्यांची गाडी मागे सरकताना सुताला ताण आणि पीळ बसे. गाडी परत येताना सूत गुंडाळले जाई. रूळ आर्कराइटच्या यंत्रातले, तर कल्पना हारग्रीव्ह्जच्या जेनीतली. गाढव आणि घोडी यांचे खेचर होते ना, तसेच हे! म्हणून त्याला म्यूल, म्हणजे खेचर, नाव पडले. मलमलीचे तलम सूत आता इंग्लंडातच निघू लागले. पुढे गिरण्यांचे सूत आपल्याकडे आले आणि इथल्या कातणाऱ्यांचा धंदा बसला, हेही विसरून चालणार नाही.

सॅम्युएलजवळ पेटंटला पैसे नव्हते. लोक तर शिड्या लावून खिडकीतून यंत्र बघायचे! शेवटी कारखानदारांनी वर्गणीचा शब्द दिला आणि त्याने यंत्र सर्वांना खुले केले. यंत्र मिळाल्यावर बऱ्याच जणांनी शब्द फिरवला. हाती आले जेमतेम साठ-सत्तर पौंड.

१८११ साली तो गिरण्या बघत फिरला. त्याच्या यंत्राच्या चाळीस लाखांहून जास्त चात्या चालू होत्या! १८१२ साली पार्लमेंटने त्याला ५००० पौंड दिले. पण धंद्यात खोट आली आणि २६ जून १८२७ रोजी तो गरिबीतच वारला. १८६२ साली बोल्टनमध्ये त्याचा पुतळा उभारला.

मित्रांनो, मेल्यावर पुतळा उभारण्यापेक्षा माणूस जिवंत असताना त्याला दिलेला शब्द पाळलेला बरा, असे मला वाटते. तुम्हांला काय वाटते?