गुलाबजल, सोने आणि अल-किंदी

अबू यूसुफ याकूब बिन इसहाक अल-किंदी यांचा जन्म इ.स. ८०१ च्या सुमारास कूफा येथे झाला. वडील त्या शहराचे सुभेदार होते. बगदादमध्ये खलिफा मामून व मोतसिम यांच्या आश्रयाने त्यांनी गणित, वैद्यक, तत्त्वज्ञान अशा विषयांवर दोनशेहून अधिक ग्रंथ व पुस्तिका लिहिल्या. भारतीय अंकांवरही लिहिले. सत्य परक्या समाजाकडून आले तरी ते स्वीकारण्यात कमीपणा नाही, अशी त्यांची धारणा होती.

ईदला आपल्या घरांत दरवळणाऱ्या अत्तराशी त्यांचा जवळचा संबंध आहे. सुगंधी द्रव्ये व ऊर्ध्वपातन यांवरील त्यांच्या ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत. पद्धत अशी की पात्रात एकदाच माल भरावयाचा, झाकण बसवून मंद आच द्यावयाची. वाफ नळीत थंड होऊन दुसऱ्या भांड्यात थेंबथेंब उतरते. मिश्रणातील जो घटक लवकर उडतो, त्याचे प्रमाण वाफेत अधिक असते. म्हणून पहिली धार कसदार. पुढे पात्रात जड भाग उरतो, उकळीचे तापमान चढते आणि धार फिकी पडत जाते. भांडे नेमके केव्हा बदलावे, यात कारागिराची खरी कसोटी. माजलगाव परिसरात पिकणाऱ्या उसाची मळी आंबवून मद्यार्क वेगळा करतात, तोही याच तत्त्वावर: मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. (पिण्यास हराम असलेला हाच द्रव २०२० च्या साथीत हात निर्जंतुक करण्याच्या कामी आला.)

ऊर्ध्वपातनाने फुलात असलेलाच गंध बाहेर येतो; नसलेला येत नाही. अल-किंदींनी हलक्या धातूचे सोने करून दाखविणाऱ्यांचा दावा खोडणारी पुस्तिका लिहिली. थोर वैद्य अबू बक्र राझींनी पुढे तिचे खंडन केले. रसायनशास्त्राने कौल मात्र किंदींच्या बाजूने दिला.

खलिफा मुतवक्किलच्या काळात दिवस फिरले. दरबारातील मूसाबंधूंच्या कारस्थानामुळे अल-किंदींचा ग्रंथसंग्रह जप्त झाला. आयुष्यभराची कमाई ती! नंतर याच बंधूंच्या देखरेखीखालील कालव्याचे मुख उर्वरित पात्रापेक्षा खोल खणले गेले. पाणी पुढे सरकणार कसे? कालव्यावर शेती करणाऱ्या माजलगावकरांना या चुकीची किंमत सांगावयास नको. खलिफाने तपासणीसाठी सनद बिन अली यांना बोलावले. त्यांचे व किंदींचे वैर होते; तरीही ग्रंथ परत केल्याखेरीज आपण मूसाबंधूंची बाजू सावरणार नाही, अशी अट त्यांनी घातली, असे जुने चरित्रकार सांगतात. ग्रंथ परत मिळाले. अल-किंदी इ.स. ८७३ च्या सुमारास बगदादमध्ये वारले. त्यांचा सुगंधावरील ग्रंथ १९४८ मध्ये जर्मन भाषांतरासह छापला गेला.