दामदुपटीचा जादूगार : चार्ल्स पॉन्झी

दोडामार्ग, (प्रतिनिधी) - सणासुदीचे दिवस आले, की मोबाईलवर एक गोड संदेश फिरू लागतो. यादीत सर्वांत वर जिचे नाव आहे त्या मैत्रिणीला एक छोटीशी भेटवस्तू पाठवा, आपले नाव तिच्यामागे जोडा आणि आपल्या सहा मैत्रिणींना हाच संदेश धाडा. थोड्याच दिवसांत छत्तीस भेटी आपल्या दारी येतील, असा त्याचा मतितार्थ असतो. संदेश धाडणारी बहुधा ओळखीचीच असते. कधी शाळेतली मैत्रीण, कधी मुंबईला असलेली नणंद, कधी नोकरीनिमित्त गोव्यात गेलेली शेजारीण. त्यामुळे शंका घेणेही अवघड जाते. हळदीकुंकवाचे वाण आणि भिशीचा हप्ता ज्या घरांत वर्षानुवर्षे विश्वासावर चालत आले, त्या घरांना यात वावगे काय ते चटकन उमगत नाही. ते उमगण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी बोस्टन शहर हलवून सोडणाऱ्या एका माणसाचे चरित्र पाहावे लागते. त्याचे नाव चार्ल्स पॉन्झी.

पॉन्झीचा जन्म ३ मार्च १८८२ रोजी इटलीतील लुगो या गावी झाला. रोमच्या विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला. परंतु अभ्यासापेक्षा चैनीत त्याचे मन अधिक रमले आणि पदवी राहून गेली. नशीब काढण्यासाठी १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये तो जहाजाने बोस्टनला उतरला. जवळचे बहुतेक पैसे प्रवासात जुगारात गेले आणि खिशात अवघे अडीच डॉलर उरले, असे तो पुढे सांगत असे. भांडी घासणे, वाढप्याचे काम, कारकुनी असे मिळेल ते करीत तो १९०७ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे पोहोचला.

पहिला धडा

माँट्रियलला इटालियन मजुरांची ठेव घेणारी एक पेढी होती. तिचा मालक झारोसी इतरांपेक्षा बरेच जास्त, म्हणजे सहा टक्के व्याज देई. पॉन्झी तेथे नोकरीला लागला. हे व्याज धंद्यातील नफ्यातून येत नव्हते, नव्या ठेवीदारांच्या पैशातून येत होते. अखेर पेढी बुडाली आणि मालक मेक्सिकोला पळाला. पॉन्झीने मात्र दुसऱ्याच्या नावाचा खोटा धनादेश वटवला आणि तो तुरुंगात गेला. सुटून अमेरिकेत परतताना परवान्याविना स्थलांतरितांना सीमेपार नेल्याच्या गुन्ह्यात पुन्हा दोन वर्षांची शिक्षा झाली.

त्याच सुमारास अलाबामातील एका खाण वसाहतीत भाजलेल्या परिचारिकेसाठी त्याने आपल्या अंगावरील त्वचा काढून दिली. त्या बदल्यात त्याला काहीही मिळणार नव्हते. पुढे ज्याने हजारोंना बुडवले, त्याच माणसाने दिलेली ही खरीखुरी भेट. माणूस एकरंगी नसतो आणि फसवणाराही दिसायला दुष्ट असतोच असे नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कुपनांची कहाणी

१९१८ मध्ये पॉन्झीने बोस्टनच्या रोझ नेको हिच्याशी विवाह केला. पुढील वर्षी स्पेनहून आलेल्या एका पत्रासोबत त्याला आंतरराष्ट्रीय टपाल कुपन मिळाले. परदेशातील माणसाला उत्तराचा टपालखर्च पडू नये म्हणून ही कुपने १९०६ च्या करारानुसार सुरू झाली होती. त्यांचे दर ठरलेले होते. पण महायुद्धानंतर युरोपातील चलने घसरली होती. तिकडे स्वस्तात घेतलेले कुपन अमेरिकेत अधिक किमतीच्या तिकिटांत बदलता येईल, हे पॉन्झीच्या लक्षात आले. कल्पना खोटी नव्हती. मात्र हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर करणे अशक्य होते, कारण हाती तिकिटे येत, रोकड नव्हे, आणि तेवढी कुपनेही उपलब्ध नव्हती.

तरीही या कल्पनेच्या आधारे १९२० च्या आरंभी त्याची पेढी बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर सुरू झाली. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा आणि नव्वद दिवसांत रक्कम दुप्पट, असे आश्वासन होते. पहिले ग्राहक त्याच्याच समाजातील इटालियन कामकरी होते. त्यांना ठरल्या दिवशी ठरली रक्कम मिळाली. मग जाहिरातीची गरज उरली नाही. ज्याला पैसे मिळाले तो भावाला घेऊन आला, भाऊ शेजाऱ्याला घेऊन आला. कित्येकांनी मिळालेला नफाही तेथेच पुन्हा गुंतवला. उन्हाळ्यापर्यंत आठवड्याला दहा लाख डॉलर येऊ लागले आणि पॉन्झीने लेक्सिंग्टन येथे वाडा घेतला.

गणिताने फोडलेला फुगा

जुलैच्या अखेरीस बोस्टन पोस्ट या दैनिकाने प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. अर्थविषयक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी केलेला हिशेब साधाच होता. एवढ्या ठेवींना पुरे पडायचे तर सोळा कोटी कुपने चलनात असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती होती सुमारे सत्तावीस हजार. शिवाय पॉन्झी स्वतःचा पैसा आपल्या पेढीत गुंतवीत नव्हता. घाबरलेले लोक रांगेत उभे राहिले, तेव्हा पॉन्झी हसतमुखाने त्यांच्यात फिरला. त्याने त्यांना कॉफी आणि डोनट वाटले आणि मागेल त्याला पैसे परत दिले. हे पाहून अनेकजण रांग सोडून घरी गेले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माँट्रियलमधील शिक्षेची बातमी छापून आली. तपासणीत पेढीचे देणे सत्तर लाख डॉलर असल्याचे निघाले आणि १२ ऑगस्ट १९२० रोजी त्याला अटक झाली. त्याच्यासोबत हॅनोव्हर ट्रस्टसह अनेक बँका कोसळल्या. ठेवीदारांना वर्षानुवर्षे थांबून मुद्दलाचा थोडा अंशच परत मिळाला. बोस्टन पोस्टला या कामगिरीबद्दल १९२१ चे पुलित्झर पारितोषिक लाभले.

पॉन्झीने शिक्षा भोगली, मध्येच फ्लोरिडात जमिनींची नवी योजना काढून पाहिली आणि १९३४ मध्ये त्याची इटलीला हकालपट्टी झाली. रोझ मागेच राहिली. पुढे तिने घटस्फोट घेतला. १८ जानेवारी १९४९ रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे धर्मादाय रुग्णालयात त्याचे निधन झाले. मागे अंत्यविधीपुरते पैसे होते.

भिशी आणि साखळी

पॉन्झीच्या पेढीत पैसा एका माणसाच्या हाती येत असे. भेटीच्या साखळीत असा मालक दिसत नाही; प्रत्येकजण आपल्याखाली माणसे जोडतो आणि मनोरा उभा राहतो. एवढा फरक सोडला तर दोन्हींचे इंधन एकच, ते म्हणजे मागून येणारी माणसे. भिशीचे तसे नसते. बाराजणींची भिशी असेल तर बाराच हप्ते, बाराच पाळ्या. प्रत्येकीची पाळी येते आणि तेराव्या मैत्रिणीची गरज पडत नाही. जितके घालावे तितकेच मिळते.

साखळीचा हिशेब बॅरन यांच्याप्रमाणे मांडून पाहावा. सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा, असे करीत आठव्या पायरीला १६ लाख ७९ हजार ६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. साखळी कुठेही तुटली तरी शेवटच्या दोन पायऱ्यांवरील माणसांना काहीच मिळत नाही, आणि सहाच्या पटीने वाढणाऱ्या साखळीत शंभरांपैकी सत्त्याण्णव जण याच दोन पायऱ्यांवर असतात. म्हणजे छत्तीस भेटी कोणाला मिळाल्याच, तर त्या शंभरांत तिघांना. वर आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक अनोळखी हातांत गेला, ते निराळेच.

ही केवळ परदेशातील जुनी गोष्ट नव्हे. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत दादर येथील टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर हवालदिल ग्राहकांची गर्दी झाली. कृत्रिम खड्यांची भेट, दर आठवड्याला परतावा आणि नवे ग्राहक आणणाऱ्यास बक्षीस, अशी ती योजना होती. फसवणुकीचा गुन्हा नोंदवून तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे देण्यात आला. भेट, वक्तशीर परतावा आणि ओळखीची माणसे, बोस्टनचीच ही तीन साधने होती.

अशा पैशांच्या साखळ्यांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. योजना चालवणे तर गुन्हा आहेच. तिचा सभासद होण्यासही कायद्याने मनाई आहे. ऑनलाईन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते.

संदेश आला तर तो धाडणाऱ्या मैत्रिणीला दोष देऊ नये. तीही बहुधा कोणाच्या तरी विश्वासावरच आत आलेली असते. तिला एवढेच विचारावे, की या छत्तीस भेटी कोणाच्या खिशातून येणार आहेत? उत्तर पुढे जोडायच्या माणसांकडे बोट दाखवीत असेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा. मैत्रिणीला काही द्यावेसे वाटले, तर ते थेट तिच्या हाती द्यावे.