चक टेलर

चार्ल्स हॉलिस टेलर ऊर्फ चक टेलर (२४ जून १९०१ – २३ जून १९६९) हे अमेरिकन बास्केटबॉलपटू व कॉन्व्हर्स कंपनीचे बूटविक्रेते होते. त्यांचा जन्म इंडियाना राज्यात झाला. ‘ऑल स्टार’ हा कापडी बूट त्यांनीच घडवला, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्व्हर्सने हा बूट १९१७ मध्येच बाजारात आणला होता. टेलर कंपनीत आले ते १९२० च्या दशकाच्या आरंभी.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द बेताचीच. शिक्षक म्हणून मात्र ते असामान्य म्हणावे लागतील. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत ते मुलांना खेळाचे धडे देत आणि त्याच ओघात बूट विकत. त्यांची कित्येक वर्षे मोटारीच्या प्रवासात व मोटेलांतील मुक्कामांत गेली. १९३० च्या दशकात बुटाच्या घोट्यावरील गोल चकतीवर त्यांची स्वाक्षरी आली. तरीही विकल्या गेलेल्या जोडांवर त्यांना स्वामित्वधन मिळत नसे. पगार आणि प्रवासखर्च एवढीच प्राप्ती होती.

१९६९ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षी, अडुसष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, फ्लोरिडात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सपाट रबरी तळ फळीवर घट्ट बसतो, म्हणून नंतर स्केटबोर्ड खेळणाऱ्यांनीही हा बूट आपलासा केला. चक टेलर नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.